सुइणीचे ज्ञान कसे पारखावे?

कामगार चळवळीतल्या माणसाने बाळंतपणावर काय बोलावे, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे उत्तर एवढेच की, सुईण ही कामकरी बाई आहे. तिच्या हातात कसब आहे. ते कसब तपासायचे कसे, तपासणाऱ्याचा अधिकार कोणता, आणि तपासणीत उणे निघाले तर त्याचा भार कोणाच्या माथी मारायचा, हे प्रश्न गिरणीच्या खात्यात जसे उठत, तसेच ते सुइणीच्या बाबतीतही उठतात. आम्ही डॉक्टर नव्हे. वाचून, जाणत्यांना विचारून, आणि आशा सेविका व कंत्राटी आया यांच्यात संघटनेचे काम करताना कानांवर पडले त्यावरून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दांचा अर्थ ठरवून घेऊ. सुईण म्हणजे परंपरेने बाळंतपण करणारी बाई. ती आईजवळ, सासूजवळ नाहीतर शेजारणीजवळ बसून हे काम शिकली. गावगाड्यात अनेक ठिकाणी हे काम मातंग समाजाच्या स्त्रियांकडे असे. नाळ कापणे विटाळाचे, म्हणून ज्या हातांनी घरचा वंश जगात आणला त्या हातांचे पाणी त्याच घरात चालत नसे. मोबदला म्हणजे पायली-दोन पायली धान्य आणि चोळीचा खण. यजमान मोठ्या मनाचा असला तर लुगडे. प्रशिक्षित सुईण म्हणजे याच बाईला सरकारने थोडे शिक्षण देऊन, हाती साहित्याची पेटी आणि दाखला देऊन उभी केलेली.

हे शिक्षण देण्याची गरज का भासली, तेही पाहू. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल सादर केला. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात दरसाल सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणाच्या कारणाने मरत, म्हणजे दर हजार जन्मांमागे सुमारे वीस आया. शिकलेल्या परिचारिका मूठभर, खेडी लाखो. तेव्हा पुरेशा परिचारिका तयार होईपर्यंत सुइणींनाच शिकवून कामास लावणे भाग आहे, असे समितीने मानले. पुढे १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. तीस दिवसांचे शिक्षण, त्यासाठी तीनशे रुपये विद्यावेतन, आठवड्यातले दोन दिवस आरोग्य केंद्रावर आणि बाकीचे दिवस नर्सबाईंबरोबर गावात, देखरेखीखाली किमान दोन बाळंतपणे, आणि शेवटी दाखला. दर हजार वस्तीमागे अशी एक सुईण असावी, असे योजिले होते.

आता आपल्या काळाचौकीचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. गिरणगाव वसले ते कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी. व्हिटली कमिशनचा १९३१ चा अहवाल सांगतो की, मुंबईतल्या कामकरी वर्गापैकी शेकडा ९७ लोक एकखणी बिऱ्हाडात राहत. त्या एका खोलीत सहा-सात माणसे. बाळंतिणीला आडोसा द्यायचा कुठे? म्हणून सातव्या महिन्यात तिला गावी पाठवीत, आणि तिथे ती सुइणीच्या हाती बाळंत होई. ज्यांना जाणे जमत नसे, त्यांचे बाळंतपण चाळीतच, लुगड्याचा पडदा लावून, शेजारच्या जाणत्या बाईच्या हातून होई. १९२६ साली परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले, ते मुख्यतः याच गिरणी कामगारांच्या बायकांसाठी. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी स्त्री-कामगारांच्या प्रसूतिभत्त्याचा पुरस्कार केला आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज येथे बसलेल्यांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांतल्या अनेकांची नाळ कोणा सुइणीनेच कापलेली असेल.

त्या काळच्या एका आकड्याकडे लक्ष वेधतो, कारण पारख करताना फसगत कशी होते ते त्यावरून कळते. १९२१ साली मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशे साठांहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. आकडा वाचून अंगावर काटा येतो. पण यात एक गोम आहे. बाई बाळंत होई गावी, म्हणून जन्म तिकडे. मूल घेऊन ती मुंबईस परते, आणि खोलीतल्या कोंदट हवेत ते दगावले तर मृत्यूची नोंद इकडे. भागाकारातला एक आकडा गावी राहिला आणि दुसरा मुंबईत आला. मृत्यू भयंकर होते यात शंका नाही. पण मोजमाप करणाऱ्याने आपली काठी आधी तपासावी, हा धडा यातून घ्यावा. सुइणीच्या ज्ञानाची मोजणीही अशीच फसते.

मग सुइणीला नेमके काय यावयास हवे? ते चार कप्प्यांत मांडता येईल.

पहिला कप्पा बाळंतपणाआधीचा. पोटुशी बाई पांढुरकी दिसते, चार पायऱ्या चढून धापा टाकते, तर तिच्या अंगात रक्त कमी आहे. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, आणि तिचे बाळंतपण घरी करू नये. हातांवर, तोंडावर सूज, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी ही झटक्यांची पूर्वसूचना असू शकते. धनुर्वाताची लस टोचून घेतली पाहिजे. मूल आडवे असेल तर ते चोळूनमोळून सरळ होईल या भरवशावर बसू नये.

दुसरा कप्पा प्रत्यक्ष कळांचा. येथे पाच स्वच्छता सांगतात: हात स्वच्छ, अंथरूण स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ, आणि कापलेल्या नाळेवर काहीही लावायचे नाही. या पाचव्या गोष्टीचे महत्त्व फार. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात टिकून राहतात. नाळेला राख, शेण नाहीतर चुलीची माती लावली की ते सरळ बाळाच्या अंगात शिरतात. मग चार दिवस नीट पिणारे मूल सहाव्या-सातव्या दिवशी दूध सोडते, जबडा आवळतो, अंग कमानीसारखे ताठते. घरचे म्हणत, सटवाईने नेले. लसीमुळे, स्वच्छ पात्यामुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणामुळे हा रोग इतका हटला की, २०१५ साली भारतातून नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. याच कप्प्यात आणखी दोन गोष्टी येतात. कळा बारा तासांपुढे लांबल्या तर वाट पाहत बसू नये. आणि कळा वाढाव्या म्हणून कोणाकडूनही सुई टोचून घेऊ नये, कारण मूल अडलेले असताना पिशवी जोराने आवळली तर ती फाटते.

तिसरा कप्पा वार पडण्याचा आणि त्यानंतरच्या तासांचा. आई बहुधा इथेच गमावते. वार पडल्यावर पिशवी आवळून घट्ट झाली की रक्ताच्या वाटा आपोआप बंद होतात. ती सैल राहिली तर रक्त नळासारखे वाहते. धडधाकट बाईही दोन तासांत हातची जाऊ शकते. आधीच रक्त कमी असलेली त्याहूनही लवकर. म्हणून पोटावरून पिशवी चोळणे, मूल लगेच अंगावर पाजणे, अर्ध्या तासात वार न पडल्यास नाळ न ओढता बाईला दवाखान्यात हलवणे, या गोष्टी सुइणीला झोपेतून उठवून विचारल्या तरी आल्या पाहिजेत.

चौथा कप्पा बाळाचा: आधी कोरडे पुसणे, मग गुंडाळून आईच्या छातीशी देणे, पहिल्या तासात पाजणे, चीक पिळून न टाकणे, पहिल्या दिवशी अंघोळ न घालणे.

एवढे यावयास हवे, हे ठरले. आता ते येते की नाही, हे पाहायचे कसे? सर्रास रीत अशी की, एक छापील कागद घेऊन कोणी पाहणीस जातो आणि विचारतो, “बाळंतपणाआधी तुम्ही हात धुता का?” यावर “नाही” म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे. प्रश्नातच उत्तर असले म्हणजे तपासणी होत नाही, हजेरी होते. त्याऐवजी विचारावे, “मावशी, परवाच्या बाळंतपणाला तुम्ही गेलात, तेव्हा दारात पाऊल टाकल्यापासून काय काय केलेत ते सांगा.” बाई सांगत जाते. हात धुण्याचा उल्लेख आपणहून आला तर तो खरा.

दुसरी खोट भाषेची. “प्रसूतिपश्चात रक्तस्रावाची लक्षणे कोणती?” असे विचारले तर सुईण गप्प बसते, आणि पाहणी करणारा ‘माहीत नाही’ या रकान्यात खूण करतो. तिलाच “वार पडल्यावर अंगावरून फार जाऊ लागले तर कसे ओळखता?” असे विचारा, ती दहा मिनिटे बोलेल. वाचता न येणे आणि न समजणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही शाळेबाहेर शिकलेली माणसे चांगले जाणतो.

तिसरी खोट गुणांच्या बेरजेची. वीस प्रश्न आणि वीस गुण. एका सुइणीला सोळा मिळाले, दुसरीला बारा. कागदावर पहिली वरचढ. पण पहिलीचे जे चार चुकले ते सारे रक्त जाण्याबद्दलचे असतील, आणि दुसरीचे चुकले ते आहाराच्या यादीतले, तर आपली लेक आपण कोणाच्या हाती द्याल? काही प्रश्न जीवनमरणाचे असतात. त्यांची बेरीज इतरांत मिसळू नये. ते वेगळे काढून प्रत्येकाचे उत्तर निराळे पाहावे.

चौथी गोष्ट अधिक खोल आहे, ती म्हणजे माहीत असणे आणि करणे यांतले अंतर. विणकराला “सूत तुटले तर काय करशील?” असे नुसते तोंडी विचारून कोणी साच्यावर घेत नसे, त्याला साच्यापुढे उभे करीत आणि हात कसा चालतो ते पाहत. सुइणीलाही कापडाची बाहुली, दोरा, पाते, साबण आणि पाणी द्यावे आणि करून दाखवायला सांगावे. जमले तर तिने केलेल्या बाळंतपणातल्या आईला स्वतंत्र भेटून विचारावे. आणि हे शिक्षण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, तर वर्षाने पुन्हा करावे. वर्षातून चारच बाळंतपणे करणाऱ्या बाईचे पाठ केलेले किती टिकते, हे तेव्हाच कळते.

हे अंतर अडाणी सुइणीपुरतेच आहे, असा कोणाचा समज असेल तर त्याने व्हिएन्ना शहराची गोष्ट ऐकावी. तिथल्या मोठ्या इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुइणींच्या विभागात शेकडा तीनांहूनही कमी. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने शोधून काढले की, विद्यार्थी प्रेते चिरून तसेच बाळंतिणीकडे येतात. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. तरी तिथल्या अनेक बड्या डॉक्टरांनी ते मानले नाही. दुसरे उदाहरण आपल्या सीमाभागातल्या बेळगाव जिल्ह्याचे. तिथे बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली पिशवी लावून रक्त मोजले, आणि नजरेने केलेल्या अंदाजाशी ताडून पाहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. शिकलेल्या डोळ्यांची ही गत, तर कंदिलाच्या उजेडात गोधडीवरचे रक्त पाहणाऱ्या सुइणीला एकटीला नापास कसे करायचे?

आता कळीचा प्रश्न. समजा सुईण उत्तम शिकली आणि परीक्षेत उतरली, तर आया वाचतात का? जगभरच्या पाहण्यांचा साधारण कौल असा की, शिक्षणाने सुइणींचे ज्ञान आणि रीत सुधारते, अर्भकांचे मृत्यूही काही ठिकाणी घटतात. पण आयांचे मृत्यू केवळ तेवढ्याने उतरल्याचा ठोस पुरावा मिळत नाही. सिंध प्रांतातल्या लारकाना जिल्ह्यात सात तालुके घेऊन, त्यांतल्या तीन तालुक्यांत सुइणींना शिक्षण आणि स्वच्छ साहित्याचा पुडा दिला व सरकारी आरोग्यसेविकांशी त्यांची सांगड घातली. २००५ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की, जन्माच्या आगेमागे होणारे बालमृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरले; आयांच्या बाबतीत मात्र फरक निश्चित म्हणण्याइतका नव्हता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या संस्थेने एकोणचाळीस गावांत गावच्याच बायांना तयार करून घरोघर नवजात बाळांची देखभाल केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पण तिथे नुसते शिक्षण नव्हते. औषध होते, सतत देखरेख होती, आणि कामाचा मोबदला होता.

असे का होते, ते उघड आहे. नाळ स्वच्छ कापणे सुइणीच्या हातात आहे, म्हणून बाळ वाचते. पण रक्त भरणे, झटक्यांवर इंजेक्शन देणे, पोट चिरून अडलेले मूल काढणे तिच्या हातात नाही. तिने धोका ओळखला, तरी तीन ठिकाणी वेळ जातो: घरच्यांनी जाण्याचे ठरवण्यात, वाहन मिळून पोहोचण्यात, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात. यांतला पहिला उशीर सुईण थोडाफार कमी करू शकते; उरलेले दोन रस्त्याचे आणि सरकारचे आहेत. बेळगाव जिल्ह्यातच २००६ च्या दुसऱ्या एका प्रयोगात नर्सबाईंनी बाळंतपण होताच आईला पिशवी आवळणाऱ्या गोळ्या दिल्या, तेव्हा अतिरक्तस्राव शेकडा १२ वरून सुमारे साडेसहावर आला. बायांचे ज्ञान तेच. हाती साधन आले, एवढाच फरक.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, ज्ञानाच्या प्रत्येक तपासणीला दुसरा रकाना जोडावा. पहिल्या रकान्यात ‘तिला काय माहीत आहे’, दुसऱ्यात ‘तिला काय दिले आहे’. पात्याचा पुडा संपल्यावर नवा मिळाला का? गाडी आली का? दवाखान्यात बाई घेऊन गेल्यावर तिचे म्हणणे ऐकून घेतले, की दारातच हटकले? दुसरा रकाना कोरा ठेवून पहिल्यावरच शिक्का मारणे म्हणजे बिघडलेल्या साच्यावर माणूस उभा करून वाईट कापडाचा दंड त्याच्या पगारातून कापणे होय. गिरणगावाला हा न्याय नवा नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जगाचे धोरण पालटले. सुईण शिकवण्यापेक्षा शिकलेली परिचारिका आणि दवाखाना यांवर भर आला. आपल्याकडे २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशा सेविका आल्या. फळ दिसते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली शेकडा ९४ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. दर लाख जन्मांमागे आयांचे मृत्यू २०१८ ते २०२० या काळात देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. भोर समितीच्या काळाशी हे ताडून पाहावे. पण सुईण बाजूला सारताना तिला ना निवृत्तिवेतन मिळाले, ना आभाराचा शब्द. आणि तिच्या जागी आलेली आशा ‘स्वयंसेविका’ ठरली. तिचा मोबदला कामाच्या नगावर. वाढीसाठी २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले. जिच्याकडून जीव वाचवण्याचे ज्ञान अपेक्षितो, तिला पूर्ण पगाराची कामगार म्हणण्यास मात्र आपण कचरतो.

आता शेवटचा आणि घरचा मुद्दा. काळाचौकीत आज घरी बाळंत होणारी बाई विरळाच. पण दवाखान्यातून आई दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि पुढचा सव्वा महिना रोज सकाळी तेल लावणारी मावशी तिला आणि बाळाला न्हाऊ घालायला येते. बाळंतिणीचे अंग रोज पाहणारी तीच एक जाणती बाई. डॉक्टर महिन्याने पाहील, मावशी उद्या सकाळी पाहील. सुइणीच्या विद्येचा तेवढा भाग आजही जिवंत आहे, तेव्हा तपासायचा तर तोच तपासावा.

तिला आणि घरच्या प्रत्येकाला पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात. जाड घडी तासाभरात भिजून चिंब होणे, थंडी वाजून ताप, घाण वास येणारा स्राव, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, झटका, पोटरी सुजून दुखणे, दम लागणे, यांपैकी काहीही दिसले तर काढा-शेक करीत बसू नये. बाळ पिईनासे झाले, अंगाला गार लागले, मलूल पडले किंवा छाती आत ओढून भराभर श्वास घेऊ लागले तर तसेच. १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी आणि निघावे. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, हे अनेक शिकलेल्या घरांतही ठाऊक नसते. आणि नाळेवर, बेंबीत तेल-हळद काही नको. कोरडी ठेवली की ती आपोआप गळते.

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. आपल्या भागात मंडळांना खोल्या आहेत, महापालिकेच्या आरोग्यसेविका आहेत. वर्षातून दोन दुपारी या मावशींना बोलवावे, त्या दिवसाची मजुरी भरून द्यावी, बाहुली पुढे ठेवून त्यांच्याच भाषेत विचारावे, आणि त्या सांगतील तेही लिहून घ्यावे. त्यांना माहीत असलेले पुष्कळ आपल्याला माहीत नसते. ज्यांच्या घरी येत्या पावसाळ्यात पाळणा हलणार आहे, त्यांनी मंडळाची वाट न पाहता हे बोलणे आपल्या घरी आधी करावे.